सॅम फिशरचे वेगवेगळे अंधार

‘स्प्लिंटर सेल’ आपण खेळलो आहोत असे दोन माणसे एकमेकांना सांगतात, तेव्हा ती एकाच गेमविषयी बोलत आहेत असे गृहीत धरता येत नाही. नाव एक, सॅम फिशर हा हेर नायक एक, त्याच्या कपाळावरच्या चष्म्याचे तीन हिरवे दिवेही तेच. पण ज्या अंधारात तो लपतो तो अंधार यंत्रागणिक बदललेला असतो, आणि लपणे हाच ज्या गेमचा प्राण आहे त्यात अंधार बदलला म्हणजे केवळ सजावट बदलली असे म्हणता येत नाही. युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल येथील स्टुडिओने हा गेम नोव्हेंबर २००२ मध्ये एक्सबॉक्सवर आणला. २००३ च्या सुरुवातीला तो पीसीवर आला आणि त्याच वर्षी पुढे शांघायच्या स्टुडिओने प्लेस्टेशन टू आणि गेमक्यूब यांच्यासाठी त्याच्या आवृत्त्या घडवल्या. गेम बॉय ॲडव्हान्सच्या इवल्याशा पडद्यावर तर तो बाजूने पाहायचा, डावीकडून उजवीकडे सरकणारा गेम झाला, आणि नोकियाच्या साध्या फोनवर गेमलॉफ्टने आणलेला सॅम फिशरही तसाच बाजूने दिसणारा होता. या सगळ्यांच्या वेष्टनावर एकच शीर्षक छापलेले होते.

बेळगावात त्या काळी यांपैकी कोणती आवृत्ती कोणाच्या वाट्याला यावी हे आवडीनिवडीवर ठरत नसे. शहापूर-वडगावच्या विणकरांच्या गल्ल्यांत असो, तिलकवाडीत असो की कॅम्पात, ज्या थोड्या घरांत कन्सोल होता तिथे तो बहुधा प्लेस्टेशन टू असे. ज्यांच्याकडे कन्सोल नव्हता, आणि माझ्या ओळखीच्यांपैकी बहुतेक असेच होते, ते कॉलेज सुटल्यावर तासाच्या भाड्याने पीसीवर बसत. एक्सबॉक्स मी पहिल्यांदा पाहिला तो खानापुरात, एका परिचितांच्या घरी; त्यांचा थोरला मुलगा गोव्यातून बोटीवर नोकरीला लागला होता आणि त्याने तो अमेरिकेतून आणला होता. त्या देशात विकला जाणारा एक्सबॉक्स ११० व्होल्टवरच चालतो, म्हणून त्याच्या शेजारी एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर ठेवलेला असे आणि खेळ रंगात आला की तो गुणगुणत राही. मी हे सविस्तर सांगतो ते यासाठी, की आमच्या सीमाभागातल्या एका पिढीने हा एकच गेम तीन निरनिराळ्या उंबरठ्यांवरून पाहिला, आणि त्यामुळेच त्यांच्यातला फरक आमच्या बोलण्यात फार लवकर आला.

फरकाच्या मुळाशी सावली आहे. एक्सबॉक्सची ग्राफिक्स चिप एनव्हिडियाच्या जीफोर्स ३ च्या घराण्यातली होती आणि तिच्यात शॅडो बफर नावाची सोय अंगभूत होती. दिव्याच्या जागी उभे राहून पाहिले तर कोणती वस्तू किती अंतरावर दिसेल, हे चिप आधी मोजून ठेवते. मग खेळाडूच्या डोळ्यांसमोरच्या दृश्यातला प्रत्येक बिंदू त्या मोजमापाशी ताडून पाहते आणि तो बिंदू दिव्याला दिसतो की कशाच्या आड जातो, यावरून तो उजेडात आहे की सावलीत हे ठरवते. या पद्धतीचा लाभ असा, की खिडकीचे गज, दाराची जाळी, चालत जाणारा पहारेकरी आणि स्वतः सॅम, हे सारे एकाच नियमाने सावली टाकतात आणि एकाच नियमाने दुसऱ्याची सावली अंगावर झेलतात. गेममधल्या तिबिलिसीच्या पोलीस ठाण्यात दिवा फोडल्यावर खोलीतला काळोख जो पसरतो, तो चित्रकाराने आधी रंगवून ठेवलेला नसतो. तो त्या क्षणी हिशेबाने निर्माण होतो. पडद्याच्या कोपऱ्यातला प्रकाशमापक, ज्याचा काटा सॅम किती उघडा पडला आहे हे दाखवतो, आणि डोळ्यांना दिसणारी सावली या दोहोंचा मेळ बसला, की खेळाडूचा त्या जगावर विश्वास बसतो. विश्वास बसल्यावरच तो पहारेकऱ्यापासून हातभर अंतरावर श्वास रोखून उभा राहायला धजावतो.

पीसीवर हीच सोय हवी असेल तर त्या काळातले विशिष्ट एनव्हिडिया कार्ड लागे. ते नसले तर गेम ‘प्रोजेक्टर’ नावाच्या दुसऱ्या, सोप्या पद्धतीकडे वळे आणि तिच्यात सावल्यांची ती गुंतागुंत उरत नसे. म्हणजे एकाच सायबर कॅफेत, भिंतीला लागून असलेल्या दोन पीसींवर, आतल्या कार्डाप्रमाणे दोन वेगळे गेम चालू असणे अगदी शक्य होते. आजच्या ताकदवान कार्डांवर तो जुना गेम जसाच्या तसा चालवला तरी सावल्या बिघडतात, कारण ज्या जुन्या सोयीवर त्याची मांडणी उभी होती ती नव्या चालकप्रणालींत राहिलेली नाही. ती परत मिळवण्यासाठी हौशी लोक डीजीवूडूसारखे जुन्या कार्डाची नक्कल करणारे सॉफ्टवेअर मध्ये बसवतात. यंत्र शंभर पटींनी समर्थ झाले आणि अंधार मात्र उसना घ्यावा लागतो, ही गोष्ट मला मनापासून विचारात पाडते.

प्लेस्टेशन टू या कन्सोलची परिस्थिती आणखी बिकट होती. एक्सबॉक्सजवळ एकत्रित ६४ मेगाबाइट मेमरी होती. प्लेस्टेशन टू जवळ ३२ मेगाबाइट मुख्य मेमरी आणि चित्रासाठी वेगळी ४ मेगाबाइट. एक्सबॉक्सच्या चिपला प्रत्येक बिंदूवर छोटे गणित चालवता येई, तशी सोय प्लेस्टेशन टू च्या चिपमध्ये नव्हती. शांघायच्या स्टुडिओला त्यामुळे लेव्हल कापून लहान करावे लागले, मध्ये लोडिंगचे थांबे वाढवावे लागले, आणि बऱ्याच ठिकाणी जिवंत सावलीच्या जागी आधीच रंगवून ठेवलेली सावली आणावी लागली. याचा परिणाम नुसता दिसण्यावर होत नाही. ज्या दालनात एक्सबॉक्सचा खेळाडू वाट निवडतो, तिथे प्लेस्टेशन टू चा खेळाडू पुष्कळदा वाटेला शरण जातो. पण हेही सांगितले पाहिजे, की लहान खोल्या आणि छोटे टप्पे यांमुळे त्या आवृत्तीला एक घट्टपणा आला. तिथे पहारेकरी जवळ वाटतो, दार जवळ वाटते आणि चूक झाली तर पळायला जागा नसते. निपाणीच्या मामेभावाला तोच घट्टपणा आवडे, आणि त्याच्या आवडीला मी कधीही कमी लेखू शकलो नाही.

गेमक्यूबविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण तो आमच्या भागात फारच विरळा होता. त्याची डिस्क दीड गिगाबाइटच्या आसपासची, म्हणून आवाज आणि चित्रफिती अधिक दाबून बसवाव्या लागत. आणि त्याच्या कंट्रोलरला बटणेही तुलनेने कमी. मात्र त्याला केबलने गेम बॉय ॲडव्हान्स जोडला, की हातातल्या त्या छोट्या पडद्यावर परिसराचा नकाशा दिसे. ही कल्पना मला आजही फार मोलाची वाटते. हेराच्या हाती नकाशा असावा आणि तो पाहण्यासाठी त्याला समोरच्या धोक्यावरून नजर काढावी लागावी, यात लपण्याचा एक अस्सल ताण आहे, आणि तो ताण सर्वांत बलवान यंत्राला सुचला नव्हता.

मामेभावाचा उल्लेख आला आहे तर आमचा वाद सांगितलाच पाहिजे. तो माझ्याहून मोठा, निपाणीत राहणारा, प्लेस्टेशन टू वर खेळणारा. मी बेळगावात पीसीवर खेळणारा. गणपतीला तो आमच्याकडे आला असताना त्याने विचारले, “अणुभट्टीचं लेव्हल केलंस काय रं?” मी म्हणालो, “दादा, तसलं लेव्हलच न्हाई त्यात.” तो म्हणाला, “न्हाई कसं? निपाणीला ये, दावतो.” आम्ही दोघेही खरे बोलत होतो. शांघायच्या स्टुडिओने प्लेस्टेशन टू साठी कोला द्वीपकल्पावरच्या अणुवीज केंद्राचे एक संपूर्ण नवे लेव्हल रचले होते, नवी प्रास्ताविक चित्रफीतही जोडली होती, आणि यांतले काहीच मूळ एक्सबॉक्सच्या डिस्कवर नव्हते. उलट एक्सबॉक्सच्या खेळाडूंना इंटरनेटवरून उतरवून घ्यायची जादा लेव्हल मिळाली, ज्यांत व्हसेल्का या पाणबुडीचा भाग होता. ती पुढे पीसीवरही आली. ज्या आवृत्तीकडून यंत्राने इतके काही काढून घेतले होते, तिच्या कर्त्यांनी त्या बदल्यात स्वतःचे असे काही घातले. मी निपाणीला गेलो तेव्हा ते लेव्हल भावाच्या शेजारी बसून पाहिले आणि माझ्या माहितीच्या गेमला एक नवी खोली उघडली. एखादी आवृत्ती दुय्यम आहे असे म्हणणाऱ्याने ती पूर्ण खेळून पाहिली आहे का, हे मी तेव्हापासून आधी विचारतो.

हाताचा प्रश्नही असाच आहे. कन्सोलवर सॅमची चाल अंगठ्याखालच्या दांडीवर अवलंबून असते: हलके ढकलले तर तो पाऊल न वाजवता सरकतो, जोराने ढकलले तर धावतो. पीसीच्या कीबोर्डला अशी मधली मात्रा माहीत नाही, तिथे कळ दाबलेली असते किंवा नसते. म्हणून कर्त्यांनी चालीचा वेग माउसच्या चाकाशी जोडला. चाक खाली फिरवत नेले की वेग पायरीपायरीने उतरतो आणि जिथे ठेवला तिथे राहतो. या दोन रीतींत अनुभव पार बदलतो. दांडीवर संयम सतत धरून ठेवावा लागतो, अंगठा किंचित ढळला की पाऊल वाजते आणि पहारेकरी मान वळवतो. चाकावर संयम एकदा ठरवला की तो आपोआप टिकतो, आणि लक्ष पुढच्या वळणाकडे देता येते. पीसीवर हवे तेव्हा सेव्ह करण्याची मुभा होती, तर कन्सोलवर ठरलेल्या चेकपॉइंटपर्यंत पोचावे लागे. म्हणून पीसीचा खेळाडू प्रयोग करीत जातो आणि कन्सोलचा खेळाडू जपून जातो. मी चाकावर घडलेला खेळाडू आहे, तरीही लपण्याची भीती दांडीवर अधिक खरी वाटते असे माझे मत आहे.

मालिकेतल्या २००५ च्या ‘केऑस थिअरी’त आवाजाचा मापक आला आणि त्यावर भोवतालच्या गोंगाटाची खूणही आली. जनरेटर धडधडत असेल, पाऊस कोसळत असेल, तर तेवढ्या आवाजाच्या आड पाऊल जलद टाकता येते. ही कल्पना मात्र मोठ्या-छोट्या सर्व कन्सोलांवर शाबूत पोचली, कारण आवाजाच्या हिशेबाला महागडी चिप लागत नाही. सावलीचे तसे झाले नाही. पेरूच्या किनाऱ्यावरचे दीपगृहाचे पहिले लेव्हल एक्सबॉक्सवर आणि पीसीवर ओल्या दगडांनी चकाकते. पीसीची आवृत्ती तर शेडर मॉडेल ३.० ही उजेड-पृष्ठभाग रंगवण्याची तेव्हाची नवी पद्धत वापरणाऱ्या अगदी पहिल्या गेमांपैकी एक होती. प्लेस्टेशन टू वर तोच किनारा बराच उतरलेला दिसतो. तरी त्याच प्लेस्टेशन टू वर पडदा दुभागून दोघांनी मिळून खेळायची स्वतंत्र मोहीम होती, जिच्यात एकाच्या खांद्यावर चढून दुसरा भिंत ओलांडतो. निपाणीच्या माडीवर, दुपारी खिडक्यांना चादरी लावून, आम्ही भावंडांनी ती खेळली. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर काळा रंग खरोखर काळा उमटे, आणि बाहेरचा उजेड आत आला की पडद्यावरचा सगळा अंधार पुसला जाई. म्हणून खोलीत अंधार करणे हा त्या खेळाचाच एक भाग झाला होता.

आणि मग २००६ मध्ये याच मालिकेतला ‘डबल एजंट’ आला, ज्याच्याविषयी लिहिण्यासाठीच मी खरे तर लेखणी उचलली. आतापर्यंत आवृत्त्यांत फरक होता तो मूळ आणि रूपांतर असा. या वेळी मुळातच दोन गेम बनले. एक्सबॉक्स ३६० आणि पीसीसाठी, आणि २००७ मध्ये प्लेस्टेशन थ्रीसाठी, शांघायच्या स्टुडिओने एक गेम रचला. जुना एक्सबॉक्स, प्लेस्टेशन टू, गेमक्यूब आणि वी यांच्यासाठी मॉन्ट्रियलच्या स्टुडिओने दुसरा. कथेचा सांगाडा सामाईक आहे. सॅमची मुलगी जाते, तो आतून मोडतो, कैदी म्हणून कॅन्ससमधल्या एल्सवर्थ तुरुंगात शिरतो, तिथून जेमी वॉशिंग्टनबरोबर निसटतो आणि दहशतवादी टोळीत हेर म्हणून राहतो. आइसलंड, ओखोत्स्कचा समुद्र, कोझुमेलचे जहाज, किन्शासा, हे टप्पे दोन्हीकडे आहेत. पण इमारती वेगळ्या, वाटा वेगळ्या, प्रसंगांची बांधणी वेगळी, आणि लपण्याची रीतसुद्धा वेगळी.

खानापूर तालुक्यात जत्रेला गावचेच हौशी कलाकार नाटक करतात, आणि पुष्कळदा एकच संहिता शेजारच्या दोन गावांत त्याच हंगामात बसवली जाते. एका गावाला भाड्याने आणलेले दिवे आणि ते मंद-प्रखर करणारा जाणता माणूस मिळतो. दुसऱ्या गावाला देवळापुढच्या दोन ट्यूबलायटींवर भागवावे लागते, म्हणून तिथले दिग्दर्शक प्रवेश पुढे-मागे करतात, खुनाचा प्रसंग विंगेत नेतात, नुसत्या आवाजावर सोडतात. दोन्ही पाहिलेल्या माणसाला ठाऊक असते की जास्त दिवे म्हणजे जास्त चांगले नाटक असा हिशेब नाही. ‘डबल एजंट’च्या बाबतीत मला नेमके हेच म्हणायचे आहे.

शांघायच्या गेमकडे नवे यंत्र होते आणि त्याने एक धाडसी गोष्ट केली: त्याने सॅमला दिवसाच्या उन्हात आणले. कोझुमेलच्या जहाजावरचा वरचा डेक लख्ख उजळलेला आहे, किन्शासाच्या रस्त्यांवर भर दिवसा गोळीबार चालू आहे, आणि ओखोत्स्कमध्ये बर्फाखालच्या पाण्यातून पोहत जाऊन वर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला खाली ओढून घेता येते. टोळीच्या न्यूयॉर्कमधल्या अड्ड्यावर ठरावीक वेळात नेमून दिलेली कामे करायची आणि त्याच वेळात चोरून दुसरी कामे उरकायची, हा भाग तर मला या सगळ्या मालिकेतला सर्वांत जिवंत वाटतो. तिथे लपायला अंधाराची गरज नाही. माणूस माणसांच्या डोळ्यांसमोर उघड वावरत असतो आणि तरीही लपलेला असतो. एनएसए, म्हणजे सॅम जिच्यासाठी काम करतो ती अमेरिकी गुप्तचर संस्था, आणि टोळी या दोघांच्या विश्वासाचे दोन स्वतंत्र मापक दाखवल्यामुळे एकाला खूश करताना दुसरा दुखावतो हे सतत डोळ्यांसमोर राहते.

पण त्याच गेमने प्रकाशमापक काढून टाकला. त्याच्या जागी हिरवा, पिवळा आणि लाल अशा तीन रंगांचा एक दिवा आला: लपलेला, दिसू शकणारा, दिसलेला. मला हा बदल मान्य नाही. चार वर्षे खेळाडूने त्या सरकत्या काट्यावर अंधाराच्या बारीक छटा ओळखायला शिकलेल्या होत्या, पूर्ण काळोख आणि संधिप्रकाश यांच्या मधली प्रत्येक पायरी त्याला कामाची वाटत होती, आणि जे यंत्र त्या छटा आजवर सर्वांत उत्तम रंगवू शकत होते त्याच्यावरच त्या मोजण्याचे साधन नाहीसे झाले.

मॉन्ट्रियलच्या गेमने हे साधन ठेवले. जुन्या कन्सोलवर काम करणाऱ्या त्या मंडळींकडे ‘केऑस थिअरी’चा मुरलेला साचा होता, प्रकाशाचा आणि आवाजाचा असे दोन्ही मापक होते, आणि विश्वासाचा एकच पट्टा होता, जो या टोकाकडे सरकला की त्या टोकापासून दूर जातो. मी हा गेम निपाणीत प्लेस्टेशन टू वर पाहिला आणि पुढे सावकाश स्वतः खेळलो. त्याचे चेहरे राठ आहेत, अंतरावरचे दृश्य धुक्यात बुडते, पण त्याच्या कॉरिडॉरांमध्ये लपण्याची जी शिस्त आहे ती मला नव्या यंत्रावरच्या भावंडात सापडली नाही. दोन्हींपैकी एकच ठेवायला सांगितले तर मी जुन्या कन्सोलचा ठेवीन, आणि न्यूयॉर्कच्या अड्ड्यासाठी हळहळेन.

या गोष्टीचे मला दुःख वाटते ते एवढ्यासाठी, की आज कोणी ‘डबल एजंट’ शोधायला गेले तर पीसीवर त्याला शांघायचा गेम मिळतो आणि दुसराही एक गेम होता याची त्याला कल्पनाही येत नाही. मॉन्ट्रियलचा गेम पाहायचा तर बहुतेक वेळा जुनी डिस्क, जुने यंत्र किंवा पीसीएसएक्स२ सारखा, जुन्या कन्सोलची नक्कल करणारा एम्युलेटर लागतो. बेळगावात अशा डिस्का अजून आहेत. कपाटात, माळ्यावर, लग्न होऊन गेलेल्या बहिणीच्या पुस्तकांच्या खोक्यात. त्या फेकू नका, असे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत असतो. ज्यांच्याकडे प्लेस्टेशन टू ची पहिली ‘स्प्लिंटर सेल’ आहे त्यांना तर आग्रहाने सांगतो.

युबिसॉफ्टने डिसेंबर २०२१ मध्ये पहिल्या गेमचा नवा अवतार टोरांटोच्या स्टुडिओकडून, स्नोड्रॉप या गेम घडवण्याच्या इंजिनवर, तयार होत असल्याचे जाहीर केले. तो येईल तेव्हा त्याच्या सावल्या मॉन्ट्रियलच्या सावल्यांहून कितीतरी अचूक असतील याविषयी मला शंका नाही. माझा प्रश्न निराळा आहे. ते ज्याला मूळ गेम म्हणतील त्यात कोणती लेव्हल धरली जातील? तिबिलिसीचे पोलीस ठाणे असेल, लँगली असेल, कालिनाटेकची इमारत असेल. त्या कामाला बसलेल्या कोणीतरी शांघायच्या स्टुडिओचे कोलावरचे अणुवीज केंद्रही उघडून पाहावे आणि त्यालाही जागा द्यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आणि ती दिली, तर त्या लेव्हलसाठी मी निपाणीलाच जाईन, कारण ते दादाच्या शेजारी बसूनच खेळायचे आहे.